अपेक्षाभंग आणि विश्वासभंग

आवडत्या कादंबरीचा उत्तरभाग वाचून निराश झालेला वाचक ‘लेखकाने फसवणूक केली’ असे म्हणतो. फसवणूक ही नैतिक संज्ञा आहे. तिच्या मुळाशी आधी दिलेले वचन असावे लागते. लेखक वाचकाला असे कोणते वचन देतो? ‘चौघीजणी’ या शान्ता शेळके यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या परिचयाच्या झालेल्या लुइसा मे ऑल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’च्या आधारे हा प्रश्न तपासता येईल.

या कादंबरीचा पहिला भाग १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. पडदा पुन्हा वर जाणे हे या भागाच्या स्वागतावर अवलंबून राहील, असे त्याच्या अखेरीस निवेदनातच सांगितले आहे. म्हणजे वचन आहे; परंतु ते पडदा उघडण्याचे आहे, पलीकडे काय दिसेल याचे नव्हे. तरुण वाचक मुलींनी मात्र ज्यो आणि लॉरी यांचा विवाह गृहीत धरला व तशी मागणी करणारी पत्रे लेखिकेला लिहिली. १८६९ च्या दुसऱ्या भागात ज्यो लॉरीला नकार देते. लॉरी एमीशी विवाह करतो आणि ज्यो वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या जर्मन प्राध्यापक बेअर यांच्याशी. हा शेवट आजही अनेकांना सलतो.

साहित्यकृती वाचकाच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’पासून जितकी दूर जाते तितके तिचे कलामूल्य अधिक, असे याउस यांची ग्रहणमीमांसा सुचविते. या निकषाने वाचकाची निराशा हा दुसऱ्या भागाचा गुणच ठरेल. परंतु नैतिक प्रश्न त्याने सुटत नाही; हे अंतर कशामुळे पडले, ते पाहावेच लागते. लॉरीला दिलेला नकार ज्योच्या स्वभावातूनच येतो. पहिल्या भागातही मेगचे लग्न ठरणे तिला घर मोडण्यासारखे वाटते, आणि लॉरी तिचा सवंगडी आहे. येथे अपेक्षाभंग आहे, विश्वासभंग नाही.

बेअर यांच्याशी झालेल्या विवाहाचे तसे नाही. ज्योने अविवाहित लेखिकाच राहायला हवे होते, पण वाचकांच्या आग्रहापुढे नाही म्हणवेना, म्हणून हट्टाने तिला हा विचित्र जोडीदार दिला, अशी कबुली ऑल्कॉट यांनी १८६९ मधील एका पत्रात दिली आहे. लेखकाचा हेतू प्रमाण मानू नये, हा आक्षेप येथे रास्त आहे. तेव्हा पत्र बाजूला ठेवून संहितेकडेच पाहू. बेअर यांच्या नापसंतीनंतर ज्यो आपल्या सनसनाटी कथा जाळते. विवाहानंतर प्लमफील्डची शाळा तिचे आयुष्य व्यापते आणि चांगले पुस्तक लिहिण्याची आशा पुढे ढकलली जाते. ज्या आकांक्षेवर पहिल्या भागाने आपल्याला विश्वास ठेवायला शिकवले, तीच येथे गौण होते. विश्वासभंग आहे तो येथे.

मात्र त्यात वाचकही सहभागी आहे. लॉरी नाही तर कोणीतरी, पण विवाह हवाच, ही मागणी त्याचीच होती. इच्छापूर्ती हा वाचकाचा हक्क नव्हे. पात्र आपल्या स्वभावाशी सुसंगत राहावे, एवढाच त्याचा न्याय्य हक्क आहे. तो सांगायचा, तर पात्राचे भवितव्य ठरवण्याचा मोह वाचकालाही आवरावा लागेल.