घरचे: कुणी नाही

श्रावणी सोमवारी येडशीच्या रामलिंगाला गर्दी फार. दरीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या कडेला भाची मांडीवर कागद घेऊन बसली होती. शेजारी मामा, माकडांपासून प्रसादाची पिशवी जपत. कागद ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली आणलेल्या या खेळात प्रत्येक जण एक पात्र घडवतो, त्याच्या तोंडून बोलतो. डंजन मास्टर त्याच्यापुढे संकटं उभी करतो. भाचीचं पात्र पक्षीमानव. शस्त्रं, स्वभाव, वय भरून झालं होतं. घरच्यांच्या जागी लिहिलं होतं: कुणी नाही.

“कुणीच कसं नाही गं?”

“मामा, आई-वडील दिले की डंजन मास्टर आधी त्यांनाच पळवतो. अनाथ असलं की पात्र मोकळं.”

“म्हणजे मरू नयेत म्हणून तू त्यांना जन्मालाच घालत नाहीस.”

ती गप्प झाली. तिच्या म्हणण्यात खोट नव्हती. गोष्टीत माणूस आणला की त्याला इजा व्हायची वाटही उघडते, आणि उघडणारा हात आपलाच असतो.

मामानं दरीकडे बोट केलं. जटायूनं रावणाला इथंच अडवलं, असं इथले लोक सांगतात. त्याची समाधीही दाखवतात. वाल्मीकींच्या अरण्यकांडात राम त्याला विचारतो, तू कोण? जटायू आधी म्हणतो, तुझ्या वडिलांचा मित्र. मग पार प्रजापतींपासून कूळ सांगत येतो: विनतेचे मुलगे गरुड आणि अरुण; अरुणाचा थोरला संपाती, धाकटा मी. आणि तिथंच शब्द देतो, तुम्ही दोघे बाहेर गेलात तर सीतेला मी जपेन.

“त्या शब्दापायीच गेला ना? रावणाला स्वतःच सांगतो, मी म्हातारा, तू तरणा, तुझ्याकडे रथ, धनुष्य. आणि सख्खा काका गरुड, तो कुठं आला?”

“काका नाही आला. भाऊ आला होता, फार आधी.”

तरुणपणी दोघे सूर्याकडे झेपावले. धाकटा होरपळू लागला तेव्हा संपातीनं त्याला आपल्या पंखांखाली घेतलं. स्वतःचे पंख जळून तो विंध्यावर पडला. पुन्हा गाठ नाही. जटायू गेल्याचं त्याला कळलं ते सीतेला शोधत फिरणाऱ्या वानरांकडून. रावणाच्या रथावर तुटून पडलेले पंख थोरल्यानं राखलेले होते.

“पण धाकट्याला शूर दाखवायचं म्हणून थोरल्याचे पंख जाळायचे? हे बरोबर आहे?”

मामाला चटकन उत्तर सुचलं नाही. प्रश्न खराच अवघड. “संपाती नुसता त्याच्यासाठी नाही,” तो सावकाश म्हणाला. “सीता लंकेत आहे, हे वानरांना त्यानंच सांगितलं. पंख नव्हते, नजर होती. सांगून झाल्यावर त्याला नवे पंख फुटले.”

भाचीनं ‘कुणी नाही’ खोडलं. लिहिलं: थोरला भाऊ, एक. पेन्सिल थांबली.

“आणि पंख?”

“शाबूत,” ती म्हणाली. “डंजन मास्टरला आधीच सांगणार आहे. त्यांना हात लावायचा तर मला विचारून.”