वाळूतली अमानत

समुद्रकिनाऱ्यावर धातुशोधक यंत्र घेऊन फिरणे हा ब्रिटनमध्ये अनेकांचा छंद आहे. या छंदातले निम्मे काम घरी बसूनच होते. कोणत्या किनाऱ्यावर जायचे, याचा अभ्यास आधी करावा लागतो. जुने नकाशे आणि पोस्टकार्डांवरची चित्रे पाहून पूर्वी धक्का कुठे होता, स्नानाला येणाऱ्यांची गर्दी कुठे असे, हे शोधले जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी फार मागे हटते आणि एरवी बुडालेली वाळू उघडी पडते, म्हणून भरती-ओहोटीची कोष्टके पाहिली जातात. वादळाने वरची वाळू ओढून नेली, की खाली रुतलेल्या जड वस्तू हाती लागतात. गार पाण्यात बोटे आकसतात आणि अंगठ्या निसटतात, हेही या लोकांना ठाऊक असते. किनारा कोणाच्या मालकीचा आहे, तिथे परवानगी लागते का, याचीही चौकशी होते.

हा अभ्यास नीट पाहिला तर ध्यानात येते, की त्याचा खरा विषय धातू नाही. माणसांनी कुठे, केव्हा, काय गमावले असेल, हा तो विषय आहे. मग आम्हाला प्रश्न पडतो: दुसऱ्याच्या हरवण्याचा असा हिशेब मांडून जो घराबाहेर पडतो, त्याला सापडलेली वस्तू 'नशिबाने मिळाली' असे म्हणता येईल काय? जमिनीच्या मालकाला तो विचारतो. वस्तूच्या मालकाचे काय?

फिकहमध्ये सापडलेल्या वस्तूला 'लुकता' म्हणतात. प्रेषित मुहंमद (स.) यांची शिकवण अशी, की वस्तूची पिशवी आणि तिची दोरी ओळखून ठेवावी, वर्षभर जाहीर करावे आणि मालक आला तर ती द्यावी. वर्ष सरल्यावर शाफई मताने ती वापरता येते. हनफी मताने सापडणारा सधन असेल तर त्याने ती सदका करावी. मात्र मालकाचा हक्क दोन्हीकडे जिवंत राहतो. इस्लामपूर्व काळात पुरलेले धन म्हणजे 'रिकाज'. त्याचा पाचवा हिस्सा दिला, की उरलेले सापडणाऱ्याचे. किरकोळ वस्तूला जाहीर करण्याची सक्ती नाही. यंत्राचा आवाज मात्र रोमन नाण्याला आणि गेल्या उन्हाळ्यात हरवलेल्या लग्नाच्या अंगठीला सारखाच येतो. भेद माणसालाच करावा लागतो.

ब्रिटनचा कायदाही याच वाटेने जातो. १९९६ च्या कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये खजिना ठरू शकेल अशी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. फुटलेल्या जहाजातली वस्तू मिळाली, तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे २८ दिवसांत खबर द्यायची आणि मालकाला एक वर्ष वाट मोकळी ठेवायची. इथेही मुदत वर्षाचीच! आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७१ सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्यासारखी जबाबदारी टाकते.

तरीही जानेवारी २००७ मध्ये 'एमएससी नापोली' या जहाजावरचे कंटेनर डेव्हनमधील ब्रॅन्सकोम्बच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा लोकांनी मोटारसायकलींसह हाती येईल ते नेले. त्यात एका कुटुंबाचे घरसामानही होते. माल कुठून आला, हे तिथे सर्वांना माहीत होते. म्हणजे अडचण माहितीची नव्हती, नियतीची होती.

'आम्ही नसते उचलले तर समुद्राने गिळले असते,' असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. पण वाचवल्याने सवाब मिळतो, मालकी मिळत नाही. उलट, अभ्यास करून शोधणाऱ्याची जबाबदारी वाटेत अडखळून वस्तू मिळालेल्या माणसापेक्षा मोठी आहे. वस्तूपर्यंतची वाट ज्याने हुशारीने काढली, त्याला मालकापर्यंतची वाट ठाऊक नव्हती, ही सबब शोभत नाही. अंगठीच्या आत कोरलेली अद्याक्षरे आणि तारीख ही आजची 'पिशवी आणि दोरी'च होय. हरवलेली अंगठी मालकाला शोधून देण्यासाठी हेच यंत्र घेऊन विनामोबदला जाणारेही लोक आहेत. नकाशे तेच, ओहोटी तीच, नियत वेगळी.

हे छंदिष्ट किनारा, तारीख आणि सापडलेली वस्तू वहीत टिपून ठेवतात. त्या वहीत 'कोणाची असेल?' हा आणखी एक रकाना हवा, असे आम्हाला वाटते. तो कित्येकदा रिकामा राहील. पण तो भरण्याचा प्रयत्न न करता वस्तू खिशात घालू नये.