नदी वाचवायची, तर ऊस कोणी सोडायचा?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात नदीच्या नावाने सगळ्यांत जास्त राबला तो पोकलेन. पात्र रुंद करायचे, खोल करायचे, उपसलेला गाळ काठावर टाकायचा आणि पहिल्या पावसानंतर जलपूजन उरकायचे. भरलेल्या पात्राचे फोटो छानच येतात. मार्चमध्ये त्याच जागी कोणी फोटो काढायला जात नाही. पाणी साठू लागले, की काठावरच्या मोटारी सुरू होतात आणि साठा वाढला म्हणून पुढच्या वर्षी उसाचे क्षेत्रही वाढते. गाव नदीसाठी एकत्र आले हे खरेच, पण ते पाणी अडवण्यापुरते. ते कोणी किती वापरायचे, हा प्रश्न निघाला की बैठक पांगते. श्रमदानाला शंभर माणसे मिळतील. आपल्या शेतातले एक आवर्तन सोडणारी दहा मिळणे कठीण.

ही आपल्या मातीतलीच खोड आहे, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतके फड पद्धत चालली. नदीवर ठरावीक अंतराने बुटके बंधारे, प्रत्येकातून निघणारा पाट, आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी ते फिरवायचे. बहुतेकांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत थोड्याथोड्या विखुरलेल्या असत. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला, की झळ एकट्यादुकट्याला न लागता सगळ्यांना लागे. शेताला पाणी द्यायचे काम मालकाकडे नव्हतेच. ते पाटकऱ्याचे. त्याला पोसणारे सगळे शेतकरी, म्हणून तो कुणा एकाचा मिंधा नसे. माझ्या मते त्या पद्धतीतली सगळ्यांत शहाणी गोष्ट हीच होती, आणि आज पाण्याचे नियोजन करणाऱ्यांना नेमकी तीच सुचत नाही.

फडाचे गोडवे गाताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. तिथले पाणी जमिनीला होते. ज्याला जमीन नाही त्याला वाटा नाही. या अन्यायाला उत्तर मिळाले ते पुरंदर तालुक्यातल्या नायगावात. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी माणशी मोजायचे, माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस नाही. या नियमांमध्ये भाबडे काही नाही; ते पाळायचे तर गावातल्या बड्या शेतकऱ्याला खरोखर काहीतरी सोडावे लागते. पाणी पंचायतीचा गौरव भरपूर झाला, अनुकरण मात्र बेताचेच झाले, ते का, हे यावरून कळते.

फड मोडकळीला आले त्यामागे वरच्या अंगाला झालेली धरणे आहेत, तशाच विहिरीही आहेत. विहीर झाली, की पाटकऱ्याची गरज उरत नाही आणि शेजाऱ्याचीही. बंधाऱ्यातले पाणी सगळ्यांना दिसते. जमिनीखालचे ज्याच्या बोअरला लागेल त्याचे, असा आपला व्यवहार. पण उन्हाळ्यात नदी वाहते ती याच भूजलाच्या पाझरावर. म्हणून विहिरींना हात न लावता केलेला नदीचा कोणताही करार कागदावरच राहणार. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या पाणीवापर संस्थांनी हे ओळखले होते. वाघाड कालव्याच्या शेवटाला असलेल्या या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने संस्था काढल्या, कालव्याचे पाणी ओढ्यावरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घेतल्या आणि विहिरीचे पाणीही सामाईक हिशेबात धरले. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणेच बंद केले. तिथे पावसाळा संपल्यावर ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग रब्बीचे ठरते.

यावर शेतकरी एक रास्त प्रश्न विचारतो: ऊस सोडून काय लावू? उसाला कारखाना आहे, बांधलेला दर आहे. ज्वारी-हरभऱ्याला तशी हमी कोण देतो? त्याला हावरट ठरवून हा प्रश्न मिटत नाही. कमी पाण्याच्या पिकाची खरेदी जोवर उसाइतकी खात्रीची होत नाही, तोवर संयमाचा सगळा भार गावावर टाकणे हा ढोंगीपणा आहे. शिवाय एका गावाने मन आवरले आणि वरच्या गावाने उपसा वाढवला, तर खालच्याच्या हाती वाळूच. करार नदीभर हवा, आणि नदीचे पाणी उचलणाऱ्या शहराला व कारखान्यांनाही त्यात बसवायला हवे.

कायद्याची उणीव नाही. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा २००५चा आहे, भूजलाचा २००९चा. तेव्हा सरकारने यापुढे नदीकामाच्या निधीला एक साधी अट घालावी: काठावरच्या गावांनी विहिरींसकट पाण्याचा ताळेबंद आणि पिकांची मर्यादा ग्रामसभेत मंजूर केल्याखेरीज पोकलेनच्या डिझेलला एक रुपयाही मिळणार नाही.