संकटाचे दृश्य

संकटाचे दृश्य केव्हा होते, हा प्रश्न मला अलीकडे फार छळतो. चाकणच्या कारखान्यातला माझा एक जुना विद्यार्थी आइसलँडला आठ दिवसांची मोटारसहल करून आला. वाटाड्या थांबवील तिथे उतरायचे, दाखवील ते पाहायचे. हिमनद्या पाहून झाल्या, धबधबे झाले. पण त्याच्या मनात राहिले ते शेवाळाने झाकलेले लाव्ह्याचे अफाट रान. "सर, हिरवी गादीच!" तो म्हणाला. हा लाव्हा 1783 साली लाकीच्या भेगांतून वाहिला. विषारी वायूंनी कुरणे नासली, गुरे मेली, आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशातली सुमारे पंचमांश माणसे गेली. वाटाड्याने हेही सांगितले होते म्हणे. मग सर्वांनी फोटो काढले.

त्याला दोष कसा द्यावा? आपण चिंचवड-चाकणकरही थिजलेल्या लाव्ह्यावरच राहतो. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यासाठी कोण रडणार? त्यातच भाजे-कार्ल्याची लेणी कोरली गेली, आणि ती पाहून आपण धन्य होतो.

माळीणचे मात्र तसे नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी त्या गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेवर माणसे गाडली गेली. भीमाशंकरच्या पावसाळी सहली याच आंबेगाव तालुक्यात येतात, आणि तिथले डोंगर तेव्हा हिरवेगार असतात. वर्षे मोजून हे ठरत नसावे. लाकीच्या मृतांना हाक मारणारे आज कोणी नाही. माळीणच्या मृतांचे आप्त नव्या वसाहतीत राहतात, आणि पाऊस जोराचा लागला की वर डोंगराकडे पाहतात.