खासगी रोख किती?

जुळे सोलापुरातल्या एका घराची गच्ची. मे महिन्यातली संध्याकाळ. दोन बादल्या पाणी मारूनही फरशी पायाला चटके देते आहे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले मामा ताटलीत कडक भाकरी चुरत बसले आहेत. शेजारी दही आणि शेंगाचटणी. समोर त्यांची भाची. ती इथल्याच कोर्टात वकिली करते. तिच्या हातात एक निवेदन आहे, ‘माजी आमदारांचे निवृत्तिवेतन बंद करा’. बेचाळीस सह्या झाल्या आहेत. त्रेचाळिसावी मामांची हवी आहे.

मामा : तूच वाच. चष्मा खाली राहिला.

भाची : थोडक्यात सांगते. एकदा आमदार झालं की जन्मभर महिना पन्नास हजार. पाच वर्षांच्या पुढं प्रत्येक वर्षामागं आणखी दोन हजार. तुम्ही एकतीस वर्षं डबल घंटी मारली. तुमच्या हातात किती पडतात?

मामा : तीन हजारांच्या आतबाहेर. ते राहू दे.

भाची : राहू दे कसं? २०१६ च्या ऑगस्टमध्ये अधिवेशन संपता संपता आमदारांनी स्वतःचा पगार दीड लाखाच्या वर नेला. चर्चासुद्धा नाही. एरवी एकमेकांवर धावून जाणारे त्या दिवशी एका पंगतीला बसले. घटनेच्या १९५ व्या कलमानं हा अधिकार सभागृहालाच दिलाय, त्यामुळं कायद्यानं बोट ठेवता येत नाही. पण स्वतःच्या ताटात स्वतःच वाढून घ्यायचं, हे कुठल्या घरात चालतं?

मामा : राग खरा आहे तुझा. मलाही येतो. म्हणूनच हात आखडलाय. रागात केलेली सही सकाळी आपलीच वाटत नाही. आधी मला सांग, आमदाराला किती मिळावं?

भाची : १९३१ साली कराचीच्या काँग्रेसमध्ये ठरलं होतं, सरकारी माणसाला साधारण पाचशेच्या वर पगार नको. १९३७ ला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा मंत्र्यांनी पाचशेच घेतले.

मामा : आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या?

भाची : (हसून) नाही. स्वतःच्या विरुद्धचा पुरावा वकिलाला आधी ठाऊक असावा लागतो. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या पगाराच्या विधेयकाला सभागृहात विरोध केला. पगार ठरवताना नुसता त्याग मोजू नका, लायक माणसं मिळतील का आणि कारभार स्वच्छ राहील का ते बघा, असा त्यांचा रोख होता.

मामा : बघ की! फुकटात देशसेवा परवडते कुणाला? ज्याच्या घरी आधीच कणगी भरलेली आहे त्याला. आपलं गाव गिरण्यांचं, बिडीचं, मागावरचं. सुशीलकुमार शिंदे इथल्याच कोर्टात शिपाई होते, मग फौजदार झाले, पुढं मुख्यमंत्री. आडम मास्तर विडी कामगारांत वाढले, तीनदा आमदार झाले. पगारच नसता तर अशी माणसं मुंबईत राहिली असती कुठं आणि खाल्लं असतं काय?

भाची : इंग्लंडातही हेच. खासदारांना पगार द्या ही मागणी १८३८ मध्ये तिथल्या कामगारांनी लावून धरली. मिळाला १९११ ला. तोवर तिथं बहुतेक जमीनदार नाही तर धनवानच. मान्य. पण मग गणपतराव देशमुख? सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले, दोनदा मंत्री झाले, तरी एसटीनं फिरायचे. त्यांना कुठं पगाराची फिकीर होती?

मामा : माझ्या गाडीत त्यांचा योग कधी आला नाही. पण ती सीट मी एकतीस वर्षं बघितली. खिडकीवर पाटी, आमदारांसाठी राखीव. खाली कोण बसलेलं? वैरागच्या बाजाराला निघालेली म्हातारी, मांडीवर कोंबडी घेऊन. आमदार एकदासुद्धा नाही. २०२१ ला गणपतराव गेले तेव्हा जिल्हा हळहळला, हळहळायलाच पाहिजे होतं. पण आपण काय केलं? त्यांचा फोटो भिंतीला लावला, हार घातला आणि बाकीच्यांना मोकळं सोडलं. एक कंडक्टर देवमाणूस निघाला म्हणून डेपोनं वे-बिल बंद करायचं का?

भाची : वे-बिलाचं काय मध्येच?

मामा : सकाळी ड्युटीवर चढताना बॅग घ्यायची, तिकिटं घ्यायची, आणि वे-बिलावर आधी लिहायचं, खासगी रोख किती. चहापाण्याचे वीस असले तर वीस. मग वाटेत कुठंही चेकिंगवाले हात करणार. तिकिटांचा हिशेब, बॅगेतली रोकड, खिसा. कमी भरली तरी जाब, जास्त भरली तरी जाब. एकदा तुझ्या मामीनं औषधाला दिलेले पन्नास रुपये लिहायचे राहिले. मोहोळच्या अलीकडं गाडी थांबली. चाळीस माणसं बघतायत आणि मी खिसे उलटे करून उभा. चूक माझीच होती. लाज वाटली. अपमान मात्र वाटला नाही.

भाची : दोन्हीत फरक काय?

मामा : तो मला एकट्याला थांबवत नव्हता. माझ्या पुढची गाडीही थांबवली होती, मागचीही थांबवणार होता. माझा चेहरा चोरासारखा दिसतो म्हणून त्यानं हात केला असता, तर मी भांडलो असतो.

भाची : मग आमदारांचं वे-बिल म्हणजे शपथपत्र. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तेव्हापासून उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं लिहून द्यावं लागतं. पण ते निवडणुकीपुरतं. वाटेत चेकर कुठं आहे? आपल्या राज्यानं १९७१ मध्येच लोकायुक्ताचा कायदा केला, पण लोकायुक्तांच्या हातात शिफारस. २०२२ च्या डिसेंबरात विधानसभेनं नवं विधेयक मंजूर केलं, त्यात मुख्यमंत्रीसुद्धा कक्षेत आणले. अट एवढीच, की त्यांची चौकशी करायची तर आधी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता हवी.

मामांचा घास हातातच राहतो.

मामा : म्हणजे चेकरनं हात केला, की गाडी थांबवायची का नाही ते कंडक्टरच्या घरचे ठरवणार?

भाची : म्हणूनच म्हणते, मोठं काही हातात नाही तर निदान पेन्शनीला तरी हात घालू. पंजाबनं २०२२ मध्ये कितीही वेळा निवडून आलात तरी एकच पेन्शन असा कायदा केला. सुरुवात कुठून तरी करायलाच हवी ना?

मामा : कर. पण १९८२ ला अंतुल्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं, ८६ ला निलंगेकरांचं गेलं, ते काय पगारावरून?

भाची : नाही. अंतुल्यांच्या वेळी सिमेंटचं वाटप आणि त्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या. निलंगेकरांच्या वेळी मुलीच्या एम.डी.चे गुण. दोन्ही वेळा उच्च न्यायालयात प्रकरण शेकलं आणि राजीनामा द्यावा लागला.

मामा : त्यातलं पगारपत्रकावर काही दिसलं असतं? बॅगेतली चिल्लर मोजायला सगळे पुढं. विनातिकीट कोण चढलं, त्याला कुणी चढवलं, कुठल्या थांब्यावर उतरवलं, हे बघायचं तर गाडीत शिरावं लागतं. पगाराचा आकडा छापलेला असतो, म्हणून आपण त्याच्यावर तुटून पडतो.

मामा हात धुतात, खाली जातात. वर येताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात पावतीपुस्तक. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचं. मामा तिथले खजिनदार. ते एक पान उघडून तिच्यापुढं धरतात. अक्षर त्यांचंच, कंडक्टरचं, सरळ रेषेत : रुपये एकावन्न हजार फक्त. नावाच्या जागी नुसतं ‘भाऊ’.

मामा : २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. तिच्या इंद्रभुवनात वर्षानुवर्षं प्रशासक होता, नगरसेवक एकही नव्हता. पण भावी नगरसेवकांची पावती एक वर्ष चुकली नाही. ही मी फाडली. एकतीस वर्षं रोज सकाळी ज्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं, तो प्रश्न मी या माणसाला विचारला नाही. भाऊ, खासगी रोख किती?

भाची : अहो, पण मंडळ तुमच्या एकट्याचं नाही.

मामा : तुझ्या लग्नात आमदारसाहेब यावेत म्हणून मी तीनदा फोन केला होता. आले. अक्षता टाकल्या, पाकीट दिलं, व्हिडिओवाल्याला तेवढंच पाहिजे होतं. त्या एका दिवसात असली सात लग्नं त्यांनी केली. शिवाय कुणाची बारशी, कुणाचं दवाखान्याचं बिल, क्रिकेटचा चषक, गड्ड्याच्या यात्रेतला फलक. दीड लाखात बसतं हे? पगार जास्त म्हणून ओरडणारे आपण, आणि पगारात न बसणारं मागणारेही आपणच.

भाची थोडा वेळ गप्प. खालच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेल्याचा आवाज येतो.

भाची : मामा, हे ऐकायला बरं वाटतं, पण यात एक खोट आहे. ज्यानं पाकीट घेतलं त्यानं तोंड उघडू नये, असं ठरवलं तर तोंड उघडायला उरेल कोण? साहेबांना नेमकं तेच हवं असतं. एकदा पाकीट दिलं की हिशेबाचं तोंड बंद. आणि तुमची माझी चूक एका मापाची नाही. तुमच्या एकावन्न हजारांच्या पावतीनं भूखंडाचं आरक्षण उठत नाही. त्यांच्या एका सहीनं उठतं. ज्याच्या हातात जास्त, त्याची झडती जास्त. हिशेब मागणारा धुतल्या तांदळासारखा असायची गरज नाही.

मामा : हे मात्र पटलं. अधिकार जात नाही. पण आवाज बसतो गं. उद्या सभेत मी उठून विचारलं, साहेब, पैसा कुठनं आला, तर साहेब नुसते हसतील. काही बोलणारसुद्धा नाहीत. ते हसू मला ठाऊक आहे. खाली बसावं लागेल.

भाची : मग काय, आधी सगळी गल्ली सुधारायची आणि मग सरकारला विचारायचं? तोवर आपण दोघं नसू.

मामा : तसंही नाही. मलाही नीट सांगता येत नाही. तुझा कागद चुकीचा नाही, एवढं कळतं. अर्धा वाटतो.

ती पेन काढते. ‘निवृत्तिवेतन बंद करा’ या ओळीवर रेघ मारत नाही. खाली लिहू लागते. आमदारांचा पगार आमदारांनी ठरवू नये, ते काम स्वतंत्र मंडळाकडे द्यावं. २००९ मध्ये ब्रिटनच्या खासदारांच्या भत्त्यांची लक्तरं वेशीवर टांगली गेली, त्यानंतर तिथं तसंच केलं. वाढ झालीच तर पुढच्या निवडणुकीनंतर लागू व्हावी. अमेरिकेच्या घटनेत १९९२ पासून हे कलम आहे. मालमत्तेचं शपथपत्र दरवर्षी द्यावं, आणि काहींची तपासणी चिठ्ठ्या टाकून व्हावी. मोहोळच्या अलीकडं व्हायची तशी, कुणाचाही चेहरा न बघता.

मामा : आता दे इकडं.

ते कागद मांडीवर घेतात. सहीच्या जागेच्या वर, बारीक अक्षरात, एक ओळ लिहितात : ‘खासगी रोख – मंडळाच्या पावतीपुस्तकात रु. ५१,०००. कुठून आले, विचारले नाही.’ मग सही करतात.

भाची : हे काय केलंत? ही ओळ असेल तर कागदाचं हसं होईल. पेपरवाले पगार सोडून हीच ओळ छापतील. शिवाय वरच्या बेचाळीस जणांनी असं काही लिहिलेलं नाही.

मामा : मग माझी सही खोडून टाक. राग नाही. पण ती ओळ खोडून सही तेवढी ठेवू नकोस. जास्त भरली तरी जाब द्यावा लागतो.

ती कागद परत घेते. रेघ मारायला पेन टेकवते, उचलते. वरच्या बेचाळीस नावांवरून तिची नजर सावकाश फिरते. कोणाच्या मुंजीला कोण आलं होतं, कोणाच्या सोसायटीचा बोअर कोणी मारून दिला, तिला बरंचसं ठाऊक आहे. त्रेचाळिसाव्या ओळीखाली तिची स्वतःची जागा अजून रिकामी आहे, आणि तिच्या लग्नाचा अल्बम खाली मामांच्याच कपाटात आहे.

भाची : मामा, त्या दिवशी त्या पाकिटात किती होते?

मामा : तुझ्या आईनं उघडलं होतं. विचार तिला.