पांढऱ्या केसाचा निरोप

वार्धक्य एकाएकीं येत नाहीं. राजाच्या स्वारीपुढें जसा चोपदार यावा, तसा जरेच्या पुढें पिकलेला केस येतो. गोस्वामी तुलसीदासांच्या रामचरितमानसांत दशरथ महाराज सहज दर्पणांत पाहून मुकुट सरळ करतात, तों कानांजवळचे केस पांढरे झालेले त्यांना दिसतात. ते झांकण्याचा उपाय त्यांनीं शोधला नाहीं; श्रीरामचंद्रांना युवराजपद देण्याचा विचार मनांत आणला. आज दर्पणांत पाहणाऱ्या गृहस्थाच्या मनांत मात्र बहुधा दुसराच विचार येतो.

एका कुटुंबांतील मातोश्री चाळिशीपासून दर महिन्यास केसांना काळा कलप लावीत असत. साठी उलटल्यावर टाळूला खाज सुटूं लागली, कपाळावर सूज आली. डॉक्टरांनीं कलप वर्ज्य सांगितला. पण नातवाची मुंज तोंडावर आलेली! "चारचौघांत अशी कशी जाऊं?" म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला. तेव्हां थोरली सून म्हणाली, "आई, बटूला आजीचा आशीर्वाद हवा आहे, आजीचे काळे केस नकोत." त्या एका वाक्यानें त्यांचें मन निवळलें.

केसाच्या मुळाशीं असलेल्या पेशी रंगद्रव्य निर्माण करतात. वयपरत्वें तें आटलें कीं नवा केस पांढराच उगवतो. केस महिन्याला सुमारें १ सेंटिमीटर वाढतो. म्हणून कलप लावून चार आठवडे होतात न होतात, तोंच भांगांत पांढरी रेघ उमटते. पुष्कळशा काळ्या कलपांत पॅराफेनिलीनडायअमीन हें रसायन असतें. तें कित्येकांना अनेक वर्षें वापरल्यावरहि अचानक बाधतें. यासाठींच ४८ तास आधीं थोडासा कलप त्वचेवर लावून पाहावा, असें सांगतात. मेंदीनें पांढऱ्या केसावर तांबूस रंग चढतो. परंतु 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत तेंच रसायन मिसळलेलें असतें.

तर मग कलप लावणें हें पाप आहे काय? तसें म्हणतां येणार नाहीं. ऐन तारुण्यांत केस पिकलेली कन्या, किंवा वयामुळें नोकरींत डावलला जाण्याच्या भयानें ग्रासलेला गृहस्थ यांना कोणीं नांवें ठेवूं नयेत. दोष रंगांत नसून मोहांत आहे. बाल्य, तारुण्य आणि जरा या एकाच देहाच्या अवस्था होत, असें भगवान गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत सांगतात. आणि तेराव्या अध्यायांत जरेंतील दुःखदोषांचें वारंवार अवलोकन करणें हें ज्ञानाचें लक्षण म्हणून गणतात. कलपामुळें तें अवलोकनच थांबत असेल, तर तो हानिकारक होय. उलट, पांढरे केस मिरवून 'मी किती विरक्त' असा अभिमान धरणाराहि देहालाच चिकटलेला असतो!

ययाति राजाला पुत्र पुरूचें खरेंखुरें तारुण्य मिळालें होतें. सहस्र वर्षें भोग भोगूनहि त्याची तृष्णा शमली नाहीं. अखेर तें तारुण्य त्यानें पुत्राला परत केलें. खऱ्या तारुण्यानें जें साधलें नाहीं, तें तारुण्याच्या नुसत्या रंगानें कसें साधणार?

अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकलेले केस आणि मांडीवर नातू दिसला म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें मनुस्मृति सांगते. आज वनांत जाणें सर्वांना शक्य नाहीं. परंतु घरांतच वानप्रस्थ साधतां येतो. सत्ता सोडावी, न विचारतां सल्ला देऊं नये, मुखीं नाम असावें, हेंच तें वन.

मुंजीच्या दिवशीं त्या मातोश्री शुभ्र केसांनीं मांडवांत बसल्या. कार्य आटोपल्यावर त्यांनीं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून सुनेच्या हातीं दिला आणि त्या शांतपणें देवघराकडे वळल्या. पांढऱ्या केसाचा निरोप त्यांना पोंचला होता.