सभेत नसलेल्यांसाठी ठराव

ठराव म्हणजे संस्थेने स्वतःवर घालून घेतलेले लेखी बंधन. संस्था बोलते ती ठरावातून. बँक, निबंधक, धर्मादाय आयुक्त, न्यायालय आणि सभेला येऊ न शकलेला सभासद, या सगळ्यांना तिचा निर्णय कळतो तो ठरावाच्या नकलेवरून. सभेत कितीही खडाजंगी झाली तरी महिनाभरात ती विसरली जाते आणि दहा वर्षांनी प्रोसिडिंग बुकातल्या चार ओळीच उरतात. त्या ओळी कशा लिहाव्यात, हा प्रश्न म्हणूनच कारकुनी नाही. निर्णयाचे उत्तरदायित्व कोणावर येणार, हे त्या ओळींवरून ठरते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या कलमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शेंदूरजनाघाटसारख्या गावातही ठराव अनेक ठिकाणी होत असतात. नगरपरिषद 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालते, सहकारी संस्था 1960 च्या सहकार कायद्याखाली आणि देवस्थान किंवा शिक्षण संस्थेचा न्यास 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. शेतकरी उत्पादक कंपनीला कंपनी कायदा लागू होतो. कायदे वेगळे असले तरी ठरावाकडून अपेक्षा एकच असते. योग्य सूचना देऊन बोलावलेल्या, गणपूर्ती झालेल्या सभेत, विषयपत्रिकेवरच्या विषयावर कोणी काय ठरवले, हे तिऱ्हाईताला वाचून कळले पाहिजे.

त्यासाठी ठरावाचा साचा ठरलेला आहे. सभेची तारीख, वेळ व ठिकाण, हजर सदस्यांची नावे, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, निर्णयामागचे कारण, प्रत्यक्ष निर्णय, सूचक, अनुमोदक आणि मतदानाचा निकाल. साचा कोणालाही भरता येतो. कसोटी लागते ती निर्णयाच्या वाक्याशी.

समजा, शेंदूरजनाघाटच्या एखाद्या संत्रा उत्पादक संस्थेला माल मोजण्यासाठी काटा घ्यायचा आहे. बहुतेक ठिकाणी ठराव असा लिहिला जातो: ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली. चर्चेअंती वजनकाटा घेण्याचे ठरले. पुढील उचित कार्यवाहीचे सर्व अधिकार अध्यक्षांना देण्यात येत आहेत. ठराव सर्वानुमते मंजूर.’ वाचायला हे नीटनेटके वाटते, पण यात किती रुपयांचा काटा, कोणत्या दरपत्रकावरून, कोणत्या निधीतून आणि कधीपर्यंत, यातले काहीच नाही. उद्या काटा दुप्पट भावात आला तरी ठरावाचा भंग झाला असे म्हणता येणार नाही, कारण भंग होण्यासारखे त्यात काही लिहिलेलेच नाही.

तोच ठराव असाही लिहिता येतो: ‘सभासदांचा माल मोजण्यासाठी संस्थेच्या गोदामात 3 टन क्षमतेचा इलेक्ट्रॉनिक काटा खरेदी करण्यात यावा. प्राप्त तीन दरपत्रकांपैकी सर्वात कमी, 1,40,000 रुपयांचे दरपत्रक स्वीकारण्यात येत आहे. खर्च चालू अंदाजपत्रकातील यंत्रसामग्री या सदरातून करावा. सचिवांनी आंबिया बहाराची तोड सुरू होण्याआधी, 30 सप्टेंबरपर्यंत खरेदी व वैधमापन विभागाकडून मुद्रांकन पूर्ण करून पुढील मासिक सभेत अहवाल ठेवावा.’ ओळी दोनच वाढल्या, पण आता सचिवाला काय करायचे ते कळते, हिशेब तपासनिसाला काय तपासायचे ते कळते आणि बागेत राबणाऱ्या सभासदाला कोणाला विचारायचे तेही कळते.

मोघम ठरावामागे नेहमी लबाडीच असते असे नाही. पुष्कळदा त्यामागे संकोच असतो. गावात सगळे एकमेकांचे नातलग किंवा शेजारी. आकडा लिहिला तर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, जबाबदारी एकाच्या नावावर टाकली तर त्याला वाईट वाटेल, अशी भीड पडते. या भिडेची किंमत मात्र सभेत नसलेला सभासद मोजतो. शिवाय सहकार कायद्यानुसार समितीचे सदस्य समितीच्या निर्णयांना संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. मोघम लिहून अध्यक्षांची भीड राखणारा सदस्य त्या निर्णयाचा भार स्वतःच्याही डोक्यावर घेत असतो.

‘सर्वानुमते’ हा शेराही असाच सवयीने पडतो. एखाद्याने विरोध केला तरी गावची एकी दिसावी म्हणून त्याची नोंद होत नाही. कंपनी कायद्याच्या कलम 118 ने संचालक मंडळाच्या इतिवृत्तात ठरावाशी असहमत असलेल्या संचालकांची नावे लिहिणे बंधनकारक केले आहे. ही तरतूद भांडणे वाढवण्यासाठी नाही. विरोधाची नोंद झाली की विरोध करणाऱ्याला संरक्षण मिळते, आणि निर्णय पुढे चुकला तर कोणता धोका आधीच दाखवून दिला होता, हे संस्थेला सापडते. ज्याच्या नातलगाला कंत्राट मिळणार आहे त्या सदस्याने हितसंबंध उघड करून त्या विषयापुरते बाजूला राहावे आणि तो बाजूला राहिल्याची नोंद त्याच ठरावाखाली व्हावी. एवढे झाले तरी निम्म्या कुजबुजी थांबतात.

यापेक्षा गंभीर दोष वेळेचा आहे. सभा न भरवताच शिपायाने घरोघर रजिस्टर फिरवून सह्या आणायच्या. दोन ठरावांच्या मध्ये कोरी जागा सोडून ती नंतर भरायची. मोठ्या खर्चाचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात घुसवायचा. आधी पैसे खर्च करून मग कार्योत्तर मंजुरी घ्यायची. आणीबाणीत कार्योत्तर मंजुरी समजण्यासारखी आहे. फुटलेली जलवाहिनी सभेची वाट पाहत नाही. पण ती दर महिन्याची रीत झाली, तर सभा फक्त सह्यांपुरती उरते.

ठरावाच्या शब्दांचा परिणाम किती दूरवर जातो, ते महाडच्या इतिहासात दिसते. 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधान परिषदेत संमत झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य वर्गाला वापरू द्याव्यात, अशी ती शिफारस होती. सरकारने ती खालच्या संस्थांकडे पाठवली. महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी ठराव केला की, अस्पृश्यांनी चवदार तळ्याचा वापर करण्यास पालिकेची हरकत नाही. ‘हरकत नाही’ एवढेच. तळे कोणी खुले करून द्यायचे, आडकाठी करणाऱ्याला कोणी रोखायचे, कधीपासून, यातले काहीही त्या ठरावाने कोणावर सोपवले नाही. तीन वर्षे तो कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाची पहिली अंमलबजावणी झाली, तीही ज्यांच्यासाठी तो होता त्यांनीच केली आणि त्यासाठी मार खाल्ला. पालिकेने 4 ऑगस्ट 1927 रोजी आपला ठरावच रद्द केला. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला 17 मार्च 1937 उजाडला. बोले यांनाही शिफारशीचे दुबळेपण कळले होते. 1926 मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला, त्यात अंमल न करणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान थांबवण्याची मागणी होती.

वऱ्हाडात याची उलट बाजूही दिसली. 1928 मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. त्यांनी केवळ हरकत नसल्याचे कळवून हात झटकले नाहीत.

अलीकडचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडचे. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ‘अनिष्ट रूढींना आळा घालावा’ असे लिहून गाव मोकळे झाले नाही. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे, अशी एकेका कृतीची नावे घेऊन त्या थांबवायचे ठरले. प्रथा कोणती हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवायला जागा उरली नाही. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले.

या सदराच्या वाचकांपैकी कित्येक जण सोसायटीच्या, शाळेच्या, देवस्थानाच्या किंवा बचत गटाच्या समितीवर असतील. पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय येईल, तेव्हा ‘वाचले असे समजा’ म्हणून तो उरकू नये. प्रत्येक ठराव मोठ्याने वाचून घ्यावा, आणि ज्या ठरावात रक्कम, मुदत किंवा जबाबदार व्यक्तीचे नाव नसेल, तो सही करण्याआधी दुरुस्त करून घ्यावा.